कुणाला कळलंच नाही की मी ख्रिस्ती आहे

वाचकांची पत्रं, सिस्टर मावशींची उत्तरं

संपादकांनी या महिन्यात अकरा पत्रं पाठवली. त्यातली चार मी इथे घेतली आहेत. नावं-गावं वगळली आहेत. ज्यांची पत्रं आहेत त्यांना आपापलं कळेल. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की मी नर्स. मिरजेला शिकले, पस्तीस वर्षं वॉर्डात काढली, आता निवृत्त होऊन नगरला राहते. धर्मशास्त्र मी सेमिनरीत शिकलेले नाही. त्यामुळे उत्तर लिहायला बसले की मला आधी माणसं आठवतात, वचनं त्यांच्या मागून येतात.

"मावशी, मी पुण्यात हिंजवडीला नोकरी करते. आडनाव गायकवाड, नाव साधं मराठी. मी ख्रिस्ती आहे हे ऑफिसात कुणालाच माहीत नाही. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मागच्या महिन्यात डबा खाताना एकजण मोबाइलवरचं काहीतरी वाचून म्हणाला, 'हे सगळे तांदळाच्या पोत्यावर बाटलेले.' सगळे हसले. मीही हसले. ते हसणं अजून माझ्या घशात अडकलंय. मी पेत्रासारखं प्रभूला नाकारलं का? आणि आता सांगायचं तर काय सांगू?"

बाळा, तुझं पत्र वाचून मला जानेवारी 1999 मधला एक एस.टी.चा प्रवास आठवला. ओडिशातल्या मनोहरपूरला ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, दहा वर्षांचा फिलिप आणि सहा वर्षांचा टिमथी, जीपमध्ये झोपलेली असताना जाळली गेली होती. पेपर त्याच बातमीनं भरलेले. माझ्या शेजारी बसलेला माणूस पुढच्या सीटवरच्याशी मोठमोठ्यानं बोलत होता, की असं व्हायलाच हवं होतं. माझ्या गळ्यात आईनं दिलेला चांदीचा छोटा क्रूस होता. मी काय केलं? पदर सारखा केला आणि क्रूस पदराआड सरकवला. तेव्हा मी पंचेचाळिशीची होते, वॉर्डाची इनचार्ज होते, रविवारच्या शाळेत मुलांना धैर्याच्या गोष्टी सांगत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. म्हणून सांगते, घशात काय अडकतं ते मला ठाऊक आहे.

येशूचा शिष्य पेत्र याची गोष्ट आपण नेहमी अर्ध्यावर सोडतो. येशूला पकडून नेलं त्या रात्री मुख्य याजकाच्या वाड्यात, थंडीत, कोळशाच्या विस्तवाशी तो शेकत उभा होता. बोलण्याच्या हेलावरून लोकांनी ताडलं, की हा गालीलचा. आपल्याकडे तोंड उघडलं की नगरचा कोण आणि कोकणातला कोण ते कळतं, तसंच. तो घाबरला आणि 'मी येशूचा नव्हे' असं तीनदा म्हणाला. योहानाचं शुभवर्तमान शेवटापर्यंत वाच. एकविसाव्या अध्यायात समुद्रकाठी पुन्हा कोळशाचा विस्तव आहे, त्यावर मासे भाजलेले आहेत, भाकर आहे. तू तसं का बोललास, हे प्रभू त्याला एकदाही विचारत नाही. आधी जेवू घालतो, आणि मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का. जितक्यांदा नाही म्हणाला, तितक्यांदा हो म्हणायची संधी. तुलाही ती मिळेल. ऑफिस रोज भरतं, डबा रोज उघडतो.

आता पोत्याचं. हे वाक्य ऐकलं की आपली तरुण मुलं खाली मान घालतात, कारण त्यांना आतून वाटतं की यात थोडं खरं असावं. मग जे खरं आहे ते नीट समजून घेऊ. 1896-97 चा आणि 1899-1900 चा, असे दोन दुष्काळ लागोपाठ पडले. आपल्या नगरकडची पुष्कळ घरं त्या काळात मिशनच्या दाराशी आली. माझ्या आईची आजी त्यातलीच. कडेवर एक मूल होतं, दुसरं वाटेत गेलं होतं. तांदूळ कुठला? आमच्या भागात ज्वारी-बाजरीच होती, तिला मिळाली ती ज्वारी. गावात ती महारवाड्यात राहायची. पाटाचं पाणी तिला चालत नव्हतं, विहिरीचं चालत नव्हतं. मिशनच्या आवारात तिला पहिल्यांदा कुणीतरी "बसा बाई" म्हणालं. ती आईला सांगायची, की ज्वारी किती मिळाली ते आठवत नाही, पण ते "बसा" आठवतं. ज्वारी एका हंगामात संपली. सव्वाशे वर्षं झाली, घर अजून ख्रिस्ती आहे.

आणि धान्य घेणं हे लाजेचं असेल, तर 1972 साली अख्ख्या महाराष्ट्राला लाजावं लागेल. मी तेव्हा अठरा वर्षांची होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. त्या कामावर मराठा, माळी, धनगर, महार, मुसलमान सगळे एका रांगेत सुकडी घ्यायचे आणि घरी अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खायचे. ती रांग आठवून कुणी कुणाला टोमणा मारत नाही. भुकेल्यानं अन्न घ्यावं आणि असणाऱ्यानं द्यावं, यात विकलं काय गेलं?

हे सगळं त्या मुलाला ऐकवू नकोस. तो ऐकणार नाही, आणि डब्यावर भाषण कुणालाच नको असतं. एक वाक्य पुरे. तो एकटा भेटेल तेव्हा म्हण, "तू त्या दिवशी बोललास ना, ते माझ्या पणजीबद्दल होतं. आम्ही ख्रिस्ती आहोत." एवढंच बोल आणि थांब. पुढे काय बोलायचं ते त्याला ठरवू दे. बहुतेक माणसं अशा वेळी ओशाळतात. नाही ओशाळला तरी तुझ्या छातीवरचं ओझं उतरेल. नाताळला मात्र घरच्या करंज्यांचा मोठा डबा ने आणि कसल्या म्हणून विचारलं तर सांग. घरमालक किंवा नोकरी यांचा खरोखरच धोका असेल, तर वेळ तू निवड. भिण्याला मी पाप मानत नाही. वॉर्डात मी कैक शूर माणसं पाहिली, पण इंजेक्शनला न भिणारा एकही पाहिला नाही.

तो चांदीचा क्रूस आता माझ्या पदरावर असतो. नगरहून पुण्याला जाताना अजूनही कुणी टक लावून पाहिलं की माझा हात आपोआप तिकडे जातो. मग मी तो खाली घेते.

"सिस्टरबाई, आमच्या घरी दर शुक्रवारी संध्याकाळी उपास-प्रार्थना असते. पत्र्याची एक खोली, बारा-पंधरा बायका. दोन महिन्यांपूर्वी सात-आठ पोरं मोटरसायकलवर आली, चपला घालून आत शिरली, शूटिंग करत विचारायला लागली, इथं धर्मांतर चाललंय का, कुणी पैसे दिले. पोलीस आले, आम्हा सगळ्यांना ठाण्यात नेलं, रात्री अकराला सोडलं. गुन्हा दाखल नाही. पण आता आमचे मालक म्हणतात, बंद करा. बायकाही यायच्या थांबल्या. बंद करायचं का? त्या पोरांचा राग मनातून जात नाही, त्याचं काय करू?"

बाई, बंद करू नका. पण सुरू करण्याआधी चार गोष्टी करा.

आपल्या घरात प्रार्थना करायला कुणाची परवानगी लागत नाही. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना धक्का लागणार नसेल, तर आपला धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि सांगण्याचं स्वातंत्र्य घटनेच्या कलम 25 नं प्रत्येकाला दिलं आहे. शांतपणे चाललेल्या उपासनेत मुद्दाम अडथळा आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 300 खाली गुन्हा आहे. म्हणजे त्या संध्याकाळी तक्रार खरं तर तुम्ही द्यायची होती. अजूनही देता येईल. मालकांना आणि पाळकसाहेबांना घेऊन दिवसा ठाण्यात जा. साध्या कागदावर लिहून द्या: दर शुक्रवारी, अमुक ते अमुक वेळ, आमच्या घरी प्रार्थना असते, लाउडस्पीकर नसतो, इतकी माणसं असतात. तो परवानगीचा अर्ज नव्हे, माहितीचं पत्र आहे. दोन प्रती न्या, एकीवर शिक्क्यासह पोच घ्या, ती घरात बायबलाशेजारी ठेवा. एक प्रत सरपंचांना द्या.

आणि हे सगळ्या बायकांना पाठ करायला लावा: अगदी अपवादात्मक कारण असल्याशिवाय सूर्यास्तानंतर बाईला अटक करता येत नाही, करायची झाली तर महिला अधिकारी हवी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी हवी. नुसती चौकशी करायची असेल तर पोलिसांनी बाईच्या घरी यायचं असतं. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तिथे कुठल्याही बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. हे ठाऊक नसल्यामुळे आपल्या बायका भेदरतात आणि रात्री अकरापर्यंत बाकड्यावर बसून राहतात.

आता तुमच्या बाजूचं एक विचारते, रागावू नका. प्रार्थनेत कुणी "गोळ्या बंद करा, प्रभू बरं करील" असं म्हणतं का? माझ्या वॉर्डात एक बाई आली होती, साखर सहाशेच्या वर, श्वास फळासारखा गोड येत होता, शुद्ध हरपलेली. एका सभेत कुणाच्या तरी सांगण्यावरून तिनं इन्सुलिन सोडलं होतं. ती वाचली. पण तिच्या भावानं सगळ्या ख्रिस्ती लोकांना ज्या शिव्या दिल्या, त्यातल्या निम्म्या आपल्याला लागू होत्या. प्रार्थना जरूर करा, हात ठेवून करा, रडून करा. गोळी मात्र वेळेवर द्या. मी हजार रोग्यांसाठी प्रार्थना केली असेल, आणि प्रत्येकीची नाडी आधी पाहिली. कुणी पुष्कळ मोठी वचनं देणारा बाहेरचा वक्ता आणत असेल, तर त्याला घरात घेऊ नका. दार उघडं ठेवा, खिडकी उघडी ठेवा, शेजारणीला सांगा, "ये, ऐक, चहा घे, पटलं नाही तर जा." ज्या घरात काय चालतं ते गल्लीला ठाऊक असतं, त्या घराबद्दल अफवा फार दिवस टिकत नाही.

राहिला राग. ग्लॅडिस स्टेन्सबाईंचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्याही नर्सच होत्या, म्हणून मला त्या जवळच्या वाटतात. नवरा आणि दोन मुलं गेल्यावर त्यांनी क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं, आणि ऑस्ट्रेलियाला परत न जाता बारीपद्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात राहून काम केलं. 2004 पर्यंत. 2005 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. क्षमा केली म्हणून खटला थांबला नाही. कोर्टानं आपलं काम केलं, मुख्य आरोपी जन्मठेप भोगायला गेला. हे दोन्ही एकत्र राहू शकतं, हे मी त्यांच्याकडून शिकले. तुम्ही तक्रार द्या आणि क्षमाही करा. एकीमुळे दुसरी खोटी ठरत नाही.

पण मी कुष्ठरोग्यांच्या वॉर्डात काम केलेलं आहे, म्हणून त्यांच्या दिवसांची मला कल्पना येते. सकाळी जखमा उघडायच्या, धुवायच्या, पुन्हा बांधायच्या. बधिर पायाला खिळा लागलेला रोग्याला कळत नाही, आपल्याला पाहावा लागतो. तो रोज पाहायचा. क्षमाही मला तशीच वाटते. शुक्रवारी केली तर रविवारी पुन्हा जखम उघडते, पुन्हा धुवावी लागते. तुमचा राग गेला नाही म्हणून तुमची क्षमा खोटी, असं समजू नका. त्या पोरांपैकी एखादा तुमच्याच गावचा असेल. त्याची आई कोण ते तुम्हाला ठाऊक असेल. तिला बाजारात भेटलात तर नेहमीसारखं बोला.

"आमच्या सोसायटीत गणपती बसतो. शेजारी प्रसाद आणून देतात. सूनबाई म्हणते घ्यायचा नाही, मुलगा म्हणतो घ्यायचा. नातवानं मोदक खाल्ला तर घरात भांडण. तुम्ही काय करता?"

मी घेते. पौलानं करिंथच्या मंडळीला पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात याच प्रश्नाचं उत्तर दिलं आहे: अन्नानं आपण देवाच्या जवळ जात नाही आणि लांबही जात नाही. पण पुढे तो हेही म्हणतो, की माझ्या खाण्यानं दुर्बळ भावाचं मन दुखत असेल तर मी खाणार नाही. म्हणून सूनबाईचं मन खरोखर दुखत असेल, तर मुलानं तिच्यासमोर मोदकाचा हट्ट धरू नये, आणि सूनबाईनं दारात आलेल्या शेजारणीचं ताट परत पाठवू नये. घ्या, आभार माना, ताटली धुऊन परत देताना तिच्यात काहीतरी घाला. आरतीला मी जात नाही, आणि त्यांनी मला कधी ओढलं नाही. नातवाच्या मोदकावरून घर फोडू नका.

"मावशी, मुलगा बारावीला आहे. त्याचा बाप्तिस्मा झाला आहे, दृढीकरणही झालं. पण शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' आहे, कारण माझ्या वडिलांच्या दाखल्यावर तेच होतं. त्या कागदावर जातीचा दाखला निघेल, शिष्यवृत्ती मिळेल, इंजिनियरिंगला जागा मिळेल. मंडळीत निम्म्या घरांत हेच आहे. मुलगा मला म्हणाला, 'पप्पा, मग मी नक्की कोण?' मी गप्प बसलो."

दादा, हे पत्र सगळ्यात अवघड. उत्तर लिहायला मला आठ दिवस लागले, कारण ही आमच्याही घरची गोष्ट आहे.

माझा थोरला भाऊ हुशार. त्याचं नाव शाळेत घालताना हेडमास्तरांनी "हिंदू महार" लिहिलं. वडिलांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत. माझ्या वेळी मी नर्सिंगच्या फॉर्मवर "ख्रिश्चन" लिहिलं, आणि मिशनची शाळा होती म्हणून माझं निभावलं. भावाला शिष्यवृत्ती मिळाली, सरकारी नोकरी मिळाली. त्याच्या पगारावर आम्ही दोन बहिणी शिकलो, आईचं ऑपरेशन झालं. हे मी कधी विसरणार नाही आणि कुणी त्याला खोटारडा म्हटलेलं मला चालणार नाही. पण त्याची किंमत मी जवळून पाहिली. लग्न रजिस्टर करून झालं. देवळात तो नाताळला यायचा, शेवटच्या बाकावर, पाहुण्यासारखा. प्रभूभोजनाला उठायचा नाही. कचेरीत कुणी पाहिलं तर, ही धास्ती एकतीस वर्षं. तो गेला तेव्हा त्यानं सांगून ठेवल्याप्रमाणे आम्ही त्याला आपल्या कबरस्तानात नेलं. कचेरीतले लोक हार घेऊन फाटकाशी थांबले होते. आत यावं की नाही, कळत नव्हतं. एकजण मला हळूच म्हणाला, "साहेब ख्रिश्चन होते? वीस वर्षं एका टेबलाशी बसलो हो आम्ही." त्याच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं.

हा अन्याय आपण केलेला नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचे हक्क आधी फक्त हिंदूंना दिले. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेर राहिले. जात बाप्तिस्म्याच्या पाण्यात धुतली जाते असं सरकार मानतं. गाव मात्र मानत नाही, आणि खरं सांगायचं तर आपल्या मंडळ्याही मानत नाहीत. लग्न जुळवताना "मूळचे कोण" हे विचारणारे पाळकही मी पाहिले आहेत. 2007 मध्ये रंगनाथ मिश्र आयोगानं ही धर्माची अट काढावी असं सांगितलं. 2022 मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. सुप्रीम कोर्टात 2004 सालापासून याचिका आहे. ही लढाई उघडपणे लढण्यासारखी आहे, पण ती लढणार कोण, जर निम्मी मंडळी कागदावर लपलेली असेल?

आजचा कायदा मात्र कडक आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं एका खटल्यात स्पष्ट सांगितलं, की प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्यानं केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचं सांगणं ही घटनेशी प्रतारणा आहे. दाखल्याची पडताळणी नोकरीच्या दहाव्या वर्षीही होऊ शकते. तेव्हा मुलगा तिशीत असेल, घरी लहान लेकरं असतील.

म्हणून माझा सल्ला असा. तहसील कचेरीत जाऊन चौकशी करा. आपल्या राज्यात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात जागा आहे. नॉन-क्रीमीलेअरसह तो दाखला काढता येतो का पाहा. अल्पसंख्याकांसाठीच्या शिष्यवृत्त्या आणि ख्रिस्ती अल्पसंख्याक कॉलेजांतल्या जागा यांची माहिती काढा. फायदा कमी होईल, हे मी लपवत नाही. तरीही ठरवताना मुलाला समोर बसवा. तो सतरा वर्षांचा आहे, आणि त्यानं तुम्हाला "मी कोण" असं विचारलं आहे. दोन्ही कागद त्याच्यासमोर ठेवा, बाप्तिस्म्याचा दाखला आणि शाळेचा. तुमच्या वडिलांनी तसं का केलं, तेही सांगा. त्यांची भूक सांगा. मग तो काय म्हणतो ते ऐका. त्यानं उघडपणे ख्रिस्ती राहायचं ठरवलं तर मला आनंद होईल, आजोबांचा रस्ता धरला तर मी त्याला दगड मारणार नाही. माझ्या भावाच्या कबरीवर मी दर पुनरुत्थानदिनी, म्हणजे ईस्टरला, पहाटे फुलं ठेवते.

"माझा एकोणीस वर्षांचा मुलगा डेंग्यूनं गेला. अकरा दिवस आयसीयूत होता. सगळी मंडळी उपास धरून होती. आता कुणी म्हणतं देवाची इच्छा, कुणी म्हणतं विश्वास कमी पडला. महिला मंडळात मी ओठ हलवते, गात नाही. घरी बायबल उघडवत नाही. हे कुणाला सांगितलेलं नाही."

(चार पत्रं म्हणाले होते. हे पाचवं. हे पुढच्या महिन्यावर टाकवेना.)

माझ्या बाई, विश्वास कमी पडला असं ज्यानं कुणी सांगितलं, त्यानं चूक केली. मी नर्स म्हणून सांगते: डेंग्यूत प्लेटलेट उतरतात, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, रक्तदाब कोसळतो. काही मुलं वाचतात, काही सगळं करूनही जातात. त्याची मोजणी आईच्या विश्वासावर होत नाही. लाजर मेला तेव्हा प्रभू स्वतः रडला, आणि तुमचा विश्वास कमी पडला म्हणून भाऊ गेला, असं तो लाजरच्या बहिणींना, मार्थेला किंवा मरियेला, म्हणाला नाही.

ओठ हलवण्याबद्दल. मी शिकाऊ होते तेव्हा बालरुग्णांच्या वॉर्डात रात्री एक मूल गेलं, धनुर्वातानं. आई खेड्यातली, लुगड्याचा बोळा तोंडात घालून बसलेली. मला वाटलं, आता काहीतरी म्हटलं पाहिजे. मी हात जोडून मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. आमच्या वयस्कर सिस्टरनं माझं मनगट धरलं, घट्ट, आणि मान हलवली. मग त्यांनी स्टूल ओढलं आणि त्या बाईशेजारी बसल्या. बराच वेळ. नंतर कोमट पाण्याचं भांडं मागवलं, आणि त्या दोघींनी मिळून लेकराचं तोंड पुसलं, कानामागे, हनुवटीखाली, जसं रोज पुसतात तसं. तेव्हा कुठे ती बाई मोठ्यानं रडली.

तुम्हाला गाववत नाही तर गाऊ नका. स्तोत्रसंहितेत पुष्कळ रडगाणी आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधार या शब्दाशी येऊन थांबतं. पुढे समाधान नाही, आभार नाहीत. कुणीतरी ते तसंच पवित्र शास्त्रात राहू दिलं. बायबल उघडायचंच झालं कधी, तर तिथे उघडा. नाही उघडलं तरी चालेल. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा, आणि शेवटी 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. पुढच्याच एप्रिलमध्ये बाई स्वतः गेल्या. त्यांच्याकडे या सगळ्याचं उत्तर होतं, असं मला वाटत नाही. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनातल्या मुली रोज जेवायच्या होत्या, त्यांची कामं होती.

संपादकांकडे माझा फोन नंबर आहे, तो मागून घ्या. नगरहून तुमच्याकडे यायला एस.टी.नं साडेचार तास लागतात. मी येईन. तुम्ही म्हणाल तर प्रार्थना करू, नाहीतर नाही. त्याचे फोटो काढून ठेवा. तो काय खायचा, कसा बोलायचा, ते मला ऐकायचं आहे.